थंडीत शांत नदीवर वल्हवताना: नवख्यांसाठी तयारी, कपडे आणि प्राणी बघण्याची रीत

नदीवरचे प्राणी-पक्षी बघायला हिवाळ्यासारखा ऋतू नाही, असं माझं ठाम मत आहे. काठची पानं गळून गेलेली असतात, त्यामुळे एरवी ज्या झाडोऱ्यात काही म्हणजे काही दिसत नाही त्यातून आता आरपार नजर जाते. आसपासची तळी गोठली की तिथली बदकं वाहत्या पाण्याच्या आसऱ्याला येतात. होड्यांची वर्दळ संपलेली असते. पण पाण्यात पडणं सगळ्यात महागात पडतं तेही याच दिवसांत.

कयाक किंवा कनू (वल्ह्याने चालवायच्या छोट्या होड्या) उन्हाळ्यात थोडीफार चालवली आहे, पण थंडीत कधीच पाण्यात उतरलो नाही, अशांसाठी हा लेख आहे. वल्हं आजवर हातातच धरलं नसेल तर शिकायला हिवाळा निवडू नका. आधी कोमट पाण्यात शिका, मग इकडे या.

खाली बऱ्याच पायऱ्या दिल्या आहेत, पण त्यांच्यामागचा हिशेब एकच आहे: अंगातली ऊब. तुमच्याकडे ती मोजकी असते आणि समोरच्या पक्ष्याकडेही मोजकीच असते. दोघांचीही वाया जाऊ द्यायची नाही.

१. हवा नव्हे, पाणी किती गार आहे ते बघा

सगळ्यात फसवा दिवस म्हणजे छान ऊन पडलेला, वारा नसलेला दिवस. अंगावर ऊन आलं की कपडे कमी करावेसे वाटतात. पण पाण्याला त्या उन्हाचं काही घेणं-देणं नसतं, ते आठवडेच्या आठवडे गारच राहतं. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं. म्हणून कपडे ठरवायचे ते पाण्याच्या तापमानावरून. दोरी बांधलेला एक साधा थर्मामीटर जवळ ठेवा आणि उतरण्याआधी दोन मिनिटं पाण्यात सोडा. आकडा १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर पाण्यात पडणं हा थेट जिवाशी खेळ आहे असं धरून चाला. थंड प्रदेशात हिवाळ्यात बहुतेक ठिकाणी तो त्याच्याही बराच खाली असतो.

गार पाण्यात पडल्यावर काय होतं, हे नीट समजून घ्या. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले डॉ. गॉर्डन गीसब्रेख्त यांनी यासाठी १-१०-१ असं सोपं सूत्र दिलं आहे. बर्फगार पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं. पडताक्षणी आपण नकळत मोठा श्वास आत ओढतो, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं. त्यानंतरची साधारण १० मिनिटं हातापायांची उपयोगी हालचाल करता येते, मग बोटं साधी कडीही धरू शकत नाहीत. आणि शरीर आतून इतकं गार पडून शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो.

म्हणजे ‘थंडीने गारठून मेला’ असं आपण म्हणतो, तिथे बहुतेक वेळा माणूस गारठण्याच्या कितीतरी आधी बुडालेला असतो. पहिल्या मिनिटात तोंड पाण्याबाहेर ठेवायचं काम लाइफ जॅकेट करतं. ते होडीत पायाशी पडलेलं असेल तर उपयोग शून्य. पडल्यावर गार पाण्यात जॅकेट चढवणं जवळजवळ अशक्य असतं.

२. नदीचा टप्पा निवडा

पहिल्या हिवाळी फेरीसाठी तुम्हाला उन्हाळ्यापासून पाठ असलेलाच टप्पा घ्या. अवघडपणाच्या १ ते ६ या आंतरराष्ट्रीय श्रेणीत तो १ च्या पुढे नसावा: पाणी संथ, पात्र मोकळं, आणि मधे-मधे सहज बाहेर पडता येईल असे काठ. उन्हाळ्यात जेवढं अंतर जाता त्याच्या निम्मं ठरवा. आधी प्रवाहाच्या वरच्या अंगाला वल्हवत जा आणि येताना पाण्याबरोबर या. दमल्यावर आणि हात गार पडल्यावर प्रवाह सोबतीला असणं फार मोलाचं असतं.

पाण्याची पातळी आदल्या दिवशी आणि निघताना अशी दोनदा तपासा. वरच्या भागात पाऊस झाला असेल किंवा बर्फ वितळत असेल तर तुमच्या इथे आकाश निरभ्र असूनही पाणी चढू शकतं. गढूळ पाणी, त्यातून वाहत येणाऱ्या फांद्या, काठाच्या गवतावर चढलेलं पाणी, यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी उतरू नका.

टप्प्यात कुठे बुटका बंधारा आहे का, हे नकाशावर आणि प्रत्यक्ष जाऊन दोन्ही प्रकारे बघून घ्या. वरच्या बाजूने येताना तो दिसतच नाही, फक्त पाण्याची एक सरळ आडवी कड दिसते आणि पलीकडे काहीच नसतं. खाली पडणारं पाणी उलटं फिरून वस्तू पुन्हा-पुन्हा भिंतीकडे ओढत राहतं, त्यातून जॅकेट घातलेला माणूसही सुटत नाही. बंधारा असेल तर त्याच्या बरंच आधी बाहेर पडण्याची जागा ठरवून ठेवा.

३. कपडे: आतून बाहेर

यावर पैसे आणि वेळ दोन्ही खर्च करा. होडी साधी असली तरी चालेल, कपडे साधे चालणार नाहीत.

अंगाला लागून मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक थर्मल. त्यावर एक किंवा दोन थर फ्लीस. सुती कापड कुठेही नको, मोजे आणि आतले कपडेसुद्धा सुती नकोत. सूत भिजलं की ऊब धरत नाही आणि वाळायलाही वेळ लावतं.

त्यावर ड्रायसूट. मान आणि मनगटाशी घट्ट पट्टे असलेला हा सूट पाणी आत येऊ देत नाही. नवख्यांचा इथे हमखास घोटाळा होतो: ड्रायसूट कोरडं ठेवतो, उबदार ठेवत नाही. ऊब देते ती आतल्या थरांत अडकलेली हवा. पाणमांजराचं नेमकं असंच असतं. सील किंवा देवमाशासारखा चरबीचा जाड थर त्याच्याकडे नसतो. दाट केसांत धरलेली हवा हाच त्याचा सूट. म्हणून आतले थर इतके घट्टही घालू नका की हवेला जागाच उरणार नाही. सूट चढवल्यावर मात्र गळ्याचा पट्टा बोटाने जरा उचलून खाली बसा आणि जास्तीची हवा बाहेर काढा, नाहीतर पाण्यात पाय वर आणि डोकं खाली अशी अवस्था होऊ शकते.

वेटसूट अंगाशी पाण्याचा पातळ थर धरून काम करतो. फार गार नसलेल्या पाण्यात छोट्या फेरीसाठी तो चालतो, पण पाणी १० अंशांच्या खाली गेलं की मी ड्रायसूटशिवाय कोणालाही सोबत नेत नाही. सूट विकत घेणं जमत नसेल तर भाड्याने घ्या, तेही जमत नसेल तर काठावरून चालत पक्षी बघा. तोही सुंदर अनुभव असतो.

डोक्याला कान झाकणारी टोपी, पायात निओप्रीनचे (रबरासारख्या जाड, उबदार कापडाचे) बूट आणि आत लोकरीचे मोजे. हातांसाठी ‘पोगी’ नावाचं एक साधन मिळतं: ते वल्ह्याच्या दांड्यावरच बसतं आणि त्यात हात घालून उघड्या तळव्याने दांडा धरता येतो. दुर्बीण धरायला हात पटकन बाहेर काढता येतो, म्हणून प्राणी बघणाऱ्यांना जाड हातमोज्यांपेक्षा पोगी जास्त सोयीच्या. होडीबाहेर पडल्यावर त्या वल्ह्यावरच राहतात हे लक्षात ठेवून एक निओप्रीन हातमोज्यांची जोडी जॅकेटच्या खिशात ठेवा.

या सगळ्यावर लाइफ जॅकेट. जाड कपड्यांवर ते पुन्हा मापून बघा. पट्टे आवळल्यावर कोणालातरी खांद्याशी धरून वर खेचायला सांगा. ते हनुवटीच्या वर गेलं तर सैल आहे.

४. सोबत घ्यायची यादी

– शिट्टी, जॅकेटच्या खांद्याला बांधलेली, हात न वापरता तोंडात धरता येईल अशी
– मोबाइल, जलरोधक पिशवीत आणि अंगाजवळच्या खिशात (थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते)
– ड्रायबॅगमध्ये (पाणी आत न जाणाऱ्या पिशवीत) टोपीपासून मोज्यांपर्यंत कपड्यांचा पूर्ण जोड आणि टॉवेल
– थर्मासमध्ये गरम गोड पेय, आणि हातमोजे न काढता खाता येईल असं काहीतरी
– थ्रोबॅग, म्हणजे पिशवीतली फेकायची दोरी
– जादा वल्हं
– डोक्याला बांधायचा दिवा, भर दिवसा निघत असलात तरी
– आपत्कालीन ब्लँकेट आणि बसायला फोमचा तुकडा
– प्रथमोपचाराची पेटी, काडेपेटी किंवा लायटर, तेही कोरड्या डबीत
– दुर्बीण

कागदपत्रं फार लागत नाहीत, पण लागतात तेव्हा नेमकी नसतात. अनेक नद्यांवर होडी उतरवायला परवाना लागतो. संरक्षित पाणथळ जागी पक्ष्यांच्या हिवाळी मुक्कामात काही पट्टे पूर्ण बंद असतात. उन्हाळ्यात तुम्ही तिथे गेला होतात एवढ्यावरून हिवाळ्यातही जाता येतं असं नाही. परवान्याची प्रत, ओळखपत्र, एक नकाशा, आणि कागदावर लिहिलेला घरच्यांचा व बचाव सेवेचा नंबर ड्रायबॅगमध्ये ठेवा.

५. कोणालातरी सांगून निघा

तुमच्यासोबत पाण्यावर न येणाऱ्या एका माणसाला लेखी मेसेज करा: कुठून उतरणार, कुठे बाहेर पडणार, किती जण, होड्यांचे रंग, किती वाजता परतणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर बचाव सेवेला कळवायचं. परतीची वेळ सूर्यास्ताच्या किमान एक तास आधीची धरा. आणि परतल्यावर त्या माणसाला फोन करायला विसरू नका, तो वाट बघत असतो.

एकट्याने जाऊ नका. दोघं म्हणजे अगदीच किमान. तिघं असले की एक जण पडलेल्याला धरतो आणि दुसरा होडी सांभाळतो.

६. आधी मुद्दाम पडून बघा

पहिल्या फेरीच्या आधी काठाजवळच्या उथळ, संथ पाण्यात सगळे कपडे घालून उतरा. छातीपर्यंत जा, मान भिजवा, पाच मिनिटं थांबा. सूट कुठे गळतो, बोटं किती वेळ चालतात, शिट्टीपर्यंत तोंड पोचतं का, हे सगळं तिथेच कळतं. ड्रायसूटच्या सगळ्या चेन पूर्ण लागल्या आहेत ना, हे एकमेकांचं तपासा. लघवीसाठीची छोटी चेन अर्धवट उघडी राहणं फार सर्रास होतं.

उलटलेल्या होडीतून बाहेर येणं आणि दुसऱ्याच्या मदतीने पुन्हा होडीत चढणं, हे दोन्ही कोमट पाण्याच्या पोहण्याच्या तलावात प्रशिक्षकाकडून शिकून घ्या. स्प्रे-स्कर्ट (कंबरेभोवती बसून होडीत पाणी येऊ न देणारं आवरण) वापरत असाल तर त्याची ओढायची पट्टी डोळे मिटून, हातमोजे घालून सापडली पाहिजे.

७. पाण्यावर असताना

उतरण्याची जागा आधी पायाने चाचपा, उतारावर बर्फाचा न दिसणारा पापुद्रा असतो. काठाला धरून गोठलेला बर्फ असेल तर त्याच्यापासून लांब राहा. प्रवाह माणसाला त्याच्याखाली ओढू शकतो. पात्र आडवं गोठलेलं दिसलं की तिथूनच मागे वळा, पलीकडे जायचा रस्ता शोधू नका.

पडलेली झाडं हा शांत नदीवरचा सगळ्यात मोठा धोका आहे, कारण ती निरुपद्रवी दिसतात. फांद्यांतून पाणी निघून जातं, होडी आणि माणूस अडकतात. बाहेरच्या वळणावर धार काठाकडे ओढते आणि झाडंही तिथेच पडतात, म्हणून वळण आतल्या अंगाने घ्या. तरीही होडी झाडाला आडवी लागलीच, तर झाडाकडे झुका, त्याला कवटाळा. मागे झुकलात तर वरून येणारं पाणी होडी उलटवतं.

पडलात आणि प्रवाह ओढतोय, तर उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडांत अडकतो. पाठीवर व्हा, पाय पुढे आणि वर, आणि तिरकं काठाकडे सरका.

कडाक्याच्या थंडीत वल्ह्यावरून ठिबकणारं पाणी जिथे पडतं तिथे गोठतं. थ्रोबॅगची दोरी, स्प्रे-स्कर्टची पट्टी, ड्रायबॅगचं बक्कल यांवर थोड्या-थोड्या वेळाने हात फिरवून ते मोकळे आहेत ना बघा. घाम येईल इतक्या जोरात वल्हवू नका, आतून भिजलेले थर थांबल्यावर गार पडतात. सुदैवाने प्राणी बघायलाही हाच वेग लागतो.

८. प्राणी कसे बघायचे

दुर्बीण ८×४२ ची घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची. १० पटीची होडीच्या हेलकाव्यात हलत राहते. ती जॅकेटच्या वरून गळ्यात अडकवा आणि भिंगावर श्वास सोडू नका. पहाटे उतरायची घाई नको. हवा पाण्यापेक्षा खूप गार असली की पाण्यातून वाफ उठून दाट धुकं होतं, त्यात ना झाड दिसतं ना पक्षी. धुकं विरल्यावर निघा. हिवाळ्यात दिवस छोटा असल्याने बरेचसे पक्षी दिवसभर खात असतात, तुमचं काही हुकत नाही.

रीत सोपी आहे. होडी काठापासून थोडी दूर ठेवा, वल्हं मांडीवर आडवं घ्या आणि प्रवाहाबरोबर सरकू द्या. पक्षी दिसला तर होडीचं टोक त्याच्यावर रोखू नका, तिरकं जा, जणू तुम्हाला दुसरीकडेच जायचं आहे. वल्ह्याचं पातं उंच उचलू नका. बोलणं बंद.

त्याने खाणं थांबवलं, मान ताठ केली, थवा एकमेकांजवळ गोळा झाला किंवा हळूच दूर पोहू लागला, की तुम्ही गरजेपेक्षा जवळ आला आहात. तिथेच मागे व्हा. तो उडेपर्यंत थांबायचं नसतं. कडक थंडीत प्रत्येक उड्डाण त्याने दिवसभर कमावलेल्या उबेतून वजा होतं. खंड्यासारखा छोटा पक्षी तर पाणी गोठलेल्या दिवसांत भुकेने मरतो.

या खंड्याचं एक वागणं ओळखून ठेवा. पाण्यावर झुकलेल्या ठरावीक फांद्यांवर तो बसतो. तुम्ही आलात की बारीक तीक्ष्ण शीळ घालून पाण्यालगत सरळ निळी रेघ मारत पुढच्या फांदीवर जातो. तुम्ही पुढे गेलात की तो आणखी पुढे. असं त्याची हद्द संपेपर्यंत चालतं आणि मग तो वळसा घालून मागे फिरतो. दुसऱ्या उड्डाणालाच थांबा, समोरच्या काठाला चिकटा आणि त्याला तुमच्या मागे निघून जाऊ द्या. राखी बगळ्यालाही हेच लागू आहे, आणि बदकांच्या थव्याला तर फारच. अरुंद पात्रात पुढे-पुढे पोहणारा थवा म्हणजे तुम्ही त्याला हाकत आहात.

पाणमांजर दिसण्याआधी त्याच्या खुणा दिसतात. पाण्यातून वर आलेल्या ठळक दगडांवर काळसर विष्ठा, त्यात माशांची हाडं आणि खवले. बर्फ पडला असेल तर काठावर चार उड्या आणि मग लांब घसरण, पुन्हा उड्या, पुन्हा घसरण, असा माग. ही खूण ताजी दिसली तर तिथे पाण्याकडे बघत बसा. बुडबुड्यांची एक रेघ सरकताना दिसेल: केसांतली हवा दाबली जाऊन बाहेर पडते, तिची ती रेघ. ती थांबते, मग चपटं डोकं वर येतं, मिशा ओल्या, फुस्स असा श्वास. छोटा मासा ते तरंगतच खातं, मोठा असेल तर काठावर नेतं आणि डोक्यापासून सुरुवात करतं. हाडं कडाकडा मोडल्याचा आवाज शांत हवेत स्पष्ट ऐकू येतो. तेवढा वेळ वल्ह्याचा एक थेंबही पडू देऊ नका.

जिथे बीव्हर (पाण्यात राहणारा, झाडं कुरतडणारा मोठा प्राणी) असतात तिथे त्यांचं फांद्यांचं घर शोधा. ते हिवाळ्यात झोपून राहत नाहीत, घराजवळ पाण्याखाली साठवलेल्या फांद्यांवर जगतात. बर्फाने झाकलेल्या घराच्या माथ्यावरचा बर्फ वितळलेला दिसला तर आत कोणीतरी आहे. शेपटी पाण्यावर फाडकन आपटली, तर तो इशारा तुमच्यासाठीच आहे.

मेलेला पक्षी सापडला तर हात लावू नका. बर्ड फ्लू जंगली बदकांतही असतो. जागा टिपून ठेवा आणि वनखात्याला कळवा.

९. कोणी पडलंच तर

आधी माणूस, मग होडी, सामान सगळ्यात शेवटी. पडलेल्याला एकच सांगा: होडी धर आणि श्वास शांत होऊ दे. काठ जवळ असेल तर काठावर, नाहीतर लगेच होडीत. मग फेरी तिथेच संपली असं समजा.

कोरड्या सूटमधला माणूस बहुतेक वेळा ठणठणीत असतो. पण तो अडखळतोय, बोलणं जड झालंय, हातातून वस्तू निसटताहेत, उगाच चिडतोय, तर शरीर आतून गार पडतंय. वाऱ्याआड न्या, खाली फोम घाला, ओले कपडे काढून कोरडे चढवा, डोकं झाका, ब्लँकेटमध्ये गुंडाळा. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गरम गोड पेय द्या. हातपाय चोळू नका, दारू अजिबात नको. कुडकुडणं थांबलं पण माणूस गोंधळलेलाच आहे, तर प्रकरण गंभीर आहे. त्याला आडवं ठेवा, चालवू नका, हलवावं लागलं तर अलगद हलवा आणि तात्काळ मदत बोलवा.

१०. बाहेर आल्यावर

होडी बांधण्याआधी कपडे बदला. काम करताना अंग गरम वाटतं, पण थांबल्यावर गारठा एकदम भरतो. दुर्बीण पिशवीत बंद करूनच उबदार जागी न्या आणि तासभर तशीच राहू द्या, नाहीतर भिंगावर बाष्प धरतं.

होडी, बूट आणि दोरी तिथेच धुवा, आतलं पाणी काढून टाका, चिकटलेली पाणवनस्पती काढा. एका नदीतली आक्रमक झाडं आणि शिंपले दुसऱ्या नदीत पोचतात ते असेच. थंडीत सामान वाळायला बरेच दिवस लागतात, त्यामुळे लगोलग दुसऱ्या नदीवर जाणार असाल तर आधी पूर्ण कोरडं करा. ड्रायसूटच्या चेनला मेण लावून तो सावलीत टांगा.

वहीत तारीख, पाण्याचं तापमान, पातळी, काय दिसलं आणि कोणत्या अंतरावर पक्षी सावध झाले ते लिहा. पुढच्या वेळी किती लांब राहायचं ते यातूनच ठरतं. पाणमांजराच्या बिळाची जागा मात्र वहीतच राहू द्या, फोटोसोबत ती कुठेही टाकू नका.